डोळ्याच्या पडद्यापर्यंतची वाट

आपल्या घरांत डोळ्याचे औषध म्हटले की दोनच वस्तू आठवतात. एक कपाटातली सुरमादानी आणि दुसरी फ्रिजच्या दारातली ड्रॉप्सची बाटली. डोळा लाल झाला, चुरचुरला, पाणी आले की कोणीतरी म्हणतेच, "दोन थेंब टाका, आराम पडेल." धुळीने त्रास झाला असेल किंवा डोळे आले असतील तर डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी आराम पडतोही. पण ज्या दादीला पंधरा वर्षांपासून शुगर आहे, जिला कुरआन शरीफच्या ओळीतली अक्षरे मधूनच पुसल्यासारखी दिसतात, तिच्या बाबतीत हे दोन थेंब काहीच करू शकत नाहीत. बिघाड डोळ्याच्या पुढच्या भागात नसतो. तो अगदी मागे, पडद्यावर असतो.

या पडद्यापर्यंत औषध न्यायचे कसे, हा गेल्या वीस वर्षांत नेत्रवैद्यकापुढचा मोठा प्रश्न आहे. त्यावर नवनवीन उपाय निघत आहेत. वडगाव, कामशेत, लोणावळ्याच्या आपल्या घरांना त्यातले काय उपयोगाचे आणि आज आपल्या हातात काय आहे, ते सोप्या शब्दांत सांगावे म्हणून हा लेख.

थेंब वाहून का जातो?

डोळ्याचा गोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटरचा. पुढे पारदर्शक काचेसारखा भाग, त्यामागे बाहुली आणि भिंग, मग जेलीसारखा स्वच्छ पदार्थ आणि सर्वांत मागे पडदा. कॅमेऱ्यात पूर्वी फिल्म असे तसा हा पडदा. त्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाची इवलीशी जागा आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदूळ निवडणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक कामे या जागेच्या जोरावर चालतात.

आता वरून टाकलेल्या थेंबाचे काय होते ते पाहा. पापण्यांच्या आत मुळात एका थेंबाएवढीही जागा नसते. थोडे औषध गालावर ओघळते, बरेचसे नाकाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून घशात उतरते. ड्रॉप्स टाकल्यावर घशाला कडू लागते ते याचमुळे. शंभरातले पाच भागही औषध डोळ्याच्या आत शिरत नाही, आणि जे शिरते तेही पुढच्याच भागात राहते. आत तयार होणारे पाणी सतत पुढच्या बाजूने बाहेर पडत असते, त्यामुळे औषधाला प्रवाहाच्या उलट पोहावे लागते.

मग गोळी घेतली तर? गोळी रक्तात मिसळते, पण पडद्याच्या रक्तवाहिन्यांना अल्लाहने कडक पहारा दिला आहे. रक्तातली नको ती वस्तू नाजूक पडद्यात शिरू नये म्हणून या वाहिन्यांच्या भिंती घट्ट सांधलेल्या असतात. हा पहारा विषाला अडवतो, तसाच औषधालाही अडवतो. पुरेसे औषध पोचवायचे तर गोळीचा डोस एवढा वाढवावा लागेल की बाकीच्या शरीराला ते सोसणार नाही.

सुरम्याविषयीही इथेच बोलून घेऊ. सुरमा पापणीच्या कडेला लागतो, पडद्याशी त्याचा काही संबंध येत नाही. शिवाय बाजारातल्या बऱ्याच सुरम्यांत शिसे असते. लहान मुलांच्या डोळ्यांत असा सुरमा घालणे धोक्याचे आहे.

शुगर आणि पडदा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींची तपासणी झाली. त्यांतल्या १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर शुगरचा परिणाम झालेला आढळला. म्हणजे साधारण सहा जणांत एक.

वाढलेली शुगर वर्षानुवर्षे पडद्याच्या केसासारख्या रक्तवाहिन्यांना पोखरते. त्या पाझरू लागतात, मॅक्युलाला सूज येते आणि दिसणे अंधूक होते. काही वाहिन्या बंद पडतात. मग उपाशी राहिलेला पडदा "मला रक्त हवे" असा निरोप धाडतो. हा निरोप पोचवणाऱ्या रसायनाला व्हीईजीएफ म्हणतात. त्याच्या सांगण्यावरून नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात. पटकन फुटतात, डोळ्यात रक्त सांडते, पडदा ओढला जाऊन सुटतो. हे सगळे होताना डोळा दुखत नाही. म्हणूनच कोणी वेळेत डॉक्टरांकडे जात नाही.

सुई थेट आत

व्हीईजीएफचा निरोप अडवणारी औषधे सापडली तेव्हा प्रश्न हाच होता की ती मागे न्यायची कशी. उत्तर निघाले ते ऐकून अंगावर काटा येतो. डोळ्यातच इंजेक्शन द्यायचे!

डोळ्यात सुई घालण्याचे धाडस मात्र नवे नाही. हजार वर्षांपूर्वी मोसुलहून इजिप्तला गेलेल्या अम्मार बिन अली अल-मौसिली या नेत्रवैद्याने पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची पद्धत आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. त्या काळी अरबीत नेत्रवैद्याला कह्हाल म्हणत. हा शब्द 'कुह्ल' म्हणजे सुरम्यावरून आला. सुरम्याच्या नावाने ओळखला जाणारा वैद्य सुईपर्यंत पोचला होता.

आजचे इंजेक्शन ऐकायला वाटते तेवढे भयंकर नाही. आधी बधिर करणारे थेंब टाकतात. तपकिरी जंतुनाशकाने डोळा आणि पापण्या स्वच्छ करतात. पापण्या मिटू नयेत म्हणून छोटा चिमटा लावतात. मग बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून केसासारख्या सुईने ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब औषध आतल्या जेलीत सोडतात. काम काही सेकंदांचे. बहुतेकांना फक्त दाब जाणवतो.

या औषधांची कहाणीही रंजक आहे. बेव्हॅसिझुमॅब म्हणजे ॲव्हास्टिन हे मूळचे कॅन्सरचे औषध. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते डोळ्यात देऊन पाहिले आणि गुण आला. २००६ मध्ये खास डोळ्यासाठीचे रॅनिबिझुमॅब आणि २०११ मध्ये ॲफ्लिबरसेप्ट तिथे मंजूर झाले. ती महाग होती. २०१५ मध्ये भारतीय कंपनीने बनवलेले रॅनिबिझुमॅब आपल्याकडे आले आणि खर्चाचा भार थोडा हलका झाला.

स्वस्त औषध म्हणजे कमी दर्जाचे, असे समजू नये. २०१५ मध्ये अमेरिकेत या तिन्ही औषधांची तुलना झाली. ज्यांची नजर थोडीच कमी झाली होती त्यांना तिन्हींनी जवळजवळ सारखाच फायदा झाला. नजर जास्त खालावलेली असेल तर पहिल्या वर्षी ॲफ्लिबरसेप्ट पुढे राहिले. ॲव्हास्टिनबाबत एक सावधगिरी मात्र हवी. त्याची बाटली कॅन्सरच्या डोसाची असते, एका बाटलीतून अनेक रुग्णांचे डोस काढतात. हे काम निर्जंतुक जागीच व्हायला हवे. जानेवारी २०१६ मध्ये गुजरातेत असे इंजेक्शन घेतलेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाली, तेव्हा देशाच्या औषध नियंत्रकांनी डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा दिला आणि मार्चमध्ये तो मागे घेतला. औषध कोणते, डोस कुठे भरला, हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. विचारताना संकोच कशाला?

मावळातून दहा फेऱ्या

खरी अडचण पुढे आहे. इंजेक्शनचा असर चार-सहा आठवड्यांत ओसरतो. वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पहिल्या वर्षी रुग्णांना साधारण नऊ ते दहा इंजेक्शने लागली.

हे आकडे मावळात आणून बघू. पडद्याचे तज्ज्ञ, तपासणीचे मशीन आणि इंजेक्शनची सोय एकाच जागी हवी तर आपल्यातल्या बहुतेकांना लोकल धरून पिंपरी-पुणे गाठावे लागते, नाहीतर घाट उतरून पनवेल. लोणावळा ते पुणे ६४ किलोमीटर. बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकले की काही तास नीट दिसत नाही, म्हणून सोबत कोणीतरी लागतेच. म्हणजे एका इंजेक्शनसाठी दोन माणसांचा दिवस जातो. मुलगा रिक्षा चालवत असेल, चिक्कीच्या दुकानात असेल किंवा तळेगावच्या कारखान्यात रोजंदारीवर असेल तर त्या दिवसाची कमाई गेली. अशा फेऱ्या वर्षात दहा!

आमच्या ओळखीतल्या किती घरांत हेच घडले. दोन इंजेक्शने झाली, अक्षरे दिसू लागली, अम्मी म्हणाल्या, "आता बरे आहे, उगाच पोराचा खाडा कशाला?" आणि तारीख चुकली. मग पावसाळा, मग घरातले लग्न, मग रमजान. सहा महिन्यांनी पुन्हा गेल्यावर डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. अम्मींनी हयगय केली, असे आम्ही म्हणणार नाही. घरासाठी आपला हक्क सोडायची त्यांची जुनी सवय, ती इथे डोळ्याला भोवली.

२०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच मुद्द्याचा आहे. पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटलेले, पण उपचार अर्धवट सोडून सहा महिन्यांहून जास्त काळ न आलेले रुग्ण त्यात होते. ज्यांना फक्त इंजेक्शने दिली होती त्यांचे डोळे जास्त बिघडले. ज्यांना आधी लेझर केले होते त्यांचे तुलनेने बरे राहिले. कारण उघड आहे. इंजेक्शनचा असर निघून जातो, लेझरचा टिकतो.

यातून आपल्यासाठी एक मोठी गोष्ट निघते. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत खरे सांगावे. "डॉक्टरसाहेब, आम्ही कामशेतच्या आतल्या गावाहून येतो. दर महिन्याला येणे जमणार नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा जमेल." हे सांगण्यात कमीपणा नाही. हे ऐकून डॉक्टर उपचाराचा रस्ता बदलू शकतात. काहींना लेझर, काहींना लेझर आणि इंजेक्शन दोन्ही, तर काहींना जास्त काळ टिकणारे औषध देता येते. तोंडदेखले "हो, येऊ" म्हणून न येणे डोळ्याला महागात पडते.

पाऊस आणि धरण

नव्या संशोधनाचा सगळा रोख याच फेऱ्या कमी करण्यावर आहे. हे समजायला लोणावळ्याइतके चांगले उदाहरण नाही. इथला पाऊस चार महिने कोसळतो. तो नुसता वाहून गेला असता तर डिसेंबरात काहीच उरले नसते. शंभर वर्षांपूर्वी टाटांनी वळवण आणि लोणावळ्याचे तलाव बांधले, पाणी साठवले आणि मोठ्या नळांतून बेताबेताने घाटाखाली सोडले. १९१५ पासून खोपोलीची वीज त्यावर चालते. साधे इंजेक्शन म्हणजे पावसाची सर. नवे उपाय म्हणजे डोळ्यात बांधलेले छोटे धरण.

पहिला प्रकार विरघळणाऱ्या कांडीचा. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची बारीक कांडी सुईनेच डोळ्यात सोडतात. काही महिने ती थोडे थोडे औषध देत राहते आणि शेवटी विरघळून जाते. ही भारतात मिळते. येणे-जाणे कठीण असेल किंवा दुसरी औषधे चालत नसतील तर डॉक्टर तिचा विचार करतात. मात्र स्टेरॉइडमुळे डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येतो, म्हणून तपासणी चुकवता येत नाही. फ्लुओसिनोलोनची दुसरी एक कांडी विरघळत नाही, पण तीन वर्षांपर्यंत औषध देत राहते. अमेरिकेत ती मधुमेही सुजेसाठी २०१४ मध्ये मंजूर झाली.

दुसरा प्रकार पुन्हा भरता येणाऱ्या टाकीचा. आपल्या इंद्रायणी तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी टाकी ऑपरेशन करून डोळ्याच्या भिंतीत बसवतात. ती रॅनिबिझुमॅब हळूहळू आत सोडते, आणि सहा महिन्यांनी बाहेरूनच सुईने भरतात. अमेरिकेत २०२१ मध्ये तिला परवानगी मिळाली. पण नेहमीच्या इंजेक्शनांपेक्षा तिच्यात डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण जास्त दिसले. टाकीच्या झाकणातही दोष निघाला, म्हणून कंपनीने २०२२ मध्ये ती परत मागवली, दुरुस्त केली आणि २०२४ मध्ये पुन्हा आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मधुमेही सुजेसाठीही मंजुरी मिळाली. धरण बांधले की गळती आणि डागडुजी आलीच.

तिसरा प्रकार वाट बदलण्याचा. डोळ्याचे पांढरे कवच आणि त्याच्या आतला रक्तवाहिन्यांचा थर यांच्यामध्ये एक अरुंद फट आहे. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सुईने तिथे औषध सोडले की ते मागे पडद्याकडे पसरते आणि पुढच्या भिंगाकडे कमी जाते. एका खास आजारातल्या सुजेसाठी अमेरिकेत २०२१ मध्ये याला मंजुरी मिळाली.

चौथा प्रकार औषधच टिकाऊ करण्याचा. फॅरिसिमॅब २०२२ मध्ये आणि ॲफ्लिबरसेप्टचा मोठा डोस २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. सुरुवातीची इंजेक्शने झाल्यावर काही रुग्णांना चार-चार महिन्यांचे अंतर चालते.

आपल्या देशातही काम चालू आहे. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की लेझरने डोळ्यातली जेली किंचित कोमट केली तर तिच्यात प्रवाह तयार होतो आणि औषध मागे लवकर पोचते. त्यांच्या अभ्यासात बारा तासांची वाट बारा मिनिटांवर आली. हे अजून प्रयोगशाळेतले काम आहे. आइसलँडमधल्या संशोधकांनी औषधाला साखरेच्या रेणूंचे वेष्टन देऊन पडद्यापर्यंत पोचणारे थेंब बनवले आणि ते माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांपर्यंत गेले. जनुक पोचवून डोळ्यालाच औषध तयार करायला लावायचे, अशाही चाचण्या चालू आहेत. एका दुर्मीळ जन्मजात अंधत्वासाठी जनुकाचा उपचार अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेला आहे. मधुमेही पडद्यासाठी अजून थांबावे लागेल.

म्हणून कोणी "नवीन थेंब निघालेत, सुईची गरज नाही" असे सांगून बाटली विकू लागला तर घेऊ नये.

रोजा, वुजू आणि इंजेक्शन

रमजानमध्ये तारीख आली की घरात चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा तारीखच पुढे ढकलली जाते. जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार डोळ्यातल्या थेंबांनी रोजा तुटत नाही, मात्र घशात उतरलेले औषध गिळू नये. त्वचा, स्नायू किंवा शिरेत दिलेल्या, पोषण न करणाऱ्या इंजेक्शननेही तुटत नाही. तरी मन साशंक असेल तर आपल्या आलिमसाहेबांना तारखेच्या आधीच विचारावे. ते शक्यतो वाट काढून देतील. आजाऱ्याला दीनने सवलत दिलीच आहे.

इंजेक्शननंतर काही दिवस नळाचे पाणी डोळ्यात जाऊ देऊ नये असे डॉक्टर सांगतात. वुजू करताना तोंडावर पाणी मारायची सवय असते, म्हणून हे आधी विचारून घ्यावे. मोठे ऑपरेशन झाले असेल तर सजद्याबद्दलही विचारावे. डोळा चोळू नये. थोडी लाली किंवा काळे ठिपके दिसणे दोन दिवसांत कमी होते. पण दुखणे वाढले, लाली वाढली, नजर कमी झाली तर सकाळची वाट न पाहता त्याच दवाखान्यात जावे. आतला जंतुसंसर्ग हजारोंत एखाद्याला होतो, पण झाला तर एकेक तास मोलाचा असतो.

चौकटीची वही

आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून एक गृहपाठ सांगतो. गणिताच्या चौकटीच्या वहीचे कोरे पान घ्या, मधोमध पेनाने ठिपका काढा. दादी-नानीला नेहमीचा चष्मा लावून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला सांगा. मग दुसरा डोळा. रेषा वाकड्या दिसल्या, मध्येच तुटल्या किंवा काळा डाग दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आठवीतल्या मुलांना हे मिनिटभरात जमते आणि मोठ्यांनाही नातवंडाचा शब्द मोडवत नाही.

पण रेषा सरळ दिसल्या म्हणजे सर्व ठीक, असे नाही. सुरुवातीचा बिघाड अशा वहीत दिसत नाही. ज्यांना शुगर आहे त्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायलाच हवा. पुण्यात महंमदवाडीचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय, सरकारी ससून रुग्णालय, पनवेलचे लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट या ठिकाणी चौकशी करता येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवावे.

घरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, गॅसची तारीख असते, चाँदची तारीख असते. त्यातच अम्मींच्या डोळ्याची तारीख लाल पेनाने लिहा आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार त्याचे नावही लिहा. नवी धरणे बांधली जातील, इन्शाअल्लाह आपल्यापर्यंतही येतील. तोवर पडदा शाबूत राहायला हवा. एकदा मेलेला पडदा पुन्हा जिवंत करणारे औषध आज कोणाकडेही नाही.